जुना सॅन्सुई अ‍ॅम्प्लिफायर: एक बाजू सारखी जाते-येते, तेव्हा काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं. तुमच्या सेटचं यातलं काय काय जुळतंय ते बघा.

• चालू केल्यावर एकच स्पीकर वाजतो. व्हॉल्यूम मोठा केला की ‘फट्’ होऊन दुसरा सुरू होतो आणि मग तासभर सगळं ठीक.
• बारीक आवाजात एक बाजू दबकी, चिरकी. मोठ्या आवाजात दोन्ही सारख्या.
• व्हॉल्यूम, बॅलन्स किंवा टोनचा नॉब फिरवताना खरखर. सिलेक्टर (काय वाजवायचं ते निवडायचा नॉब) जरा डुलवला की गेलेली बाजू परत येते.
• चालू केल्यावर काही सेकंदांनी आतल्या रिलेची (स्पीकर जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) ‘टक्’ यायला हवी, ती येतच नाही. किंवा येते, आणि वाजता वाजता पुन्हा ‘टक्’ होऊन सगळं गप्प.
• सतत गुणगुण.
• व्हॉल्यूम शून्यावर असतानाही एका बाजूला तळणीत पाण्याचे थेंब पडल्यासारखी तडतड.
• एका बाजूच्या हीट सिंकला (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हात लावता येत नाही, दुसरा मात्र कोमट. किंवा जळका वास.

पहिली तीन लक्षणं असतील तर खूश व्हा. हा दोष बहुतेक वेळा घरच्या घरी सुटतो. चौथं आणि पाचवं कधी सोपं निघतं, कधी नाही. सहावं मेकॅनिकचं काम. शेवटचं लक्षण असेल तर प्लग काढा आणि मधलं सगळं सोडून या लेखाच्या शेवटच्या भागावर जा.

मी लिहितोय ते १९७०-८०च्या दशकांतल्या जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरांबद्दल, त्यातही सॅन्सुईच्या एयू-२१७, ३१७, ५१७, ७१७ या भावंडांबद्दल. ८ ओहमवर दर बाजूला अनुक्रमे ३०, ५०, ६५ आणि ८५ वॅट. परदेशी मालावर जबर आयात शुल्क होतं त्या काळात आखातात नोकरीला असलेली आपली माणसं असे सेट सुट्टीत घेऊन यायची. आता मुलं-नातवंडं घर आवरताना ते विकायला काढतात, आणि घेणारे आपण. त्याच काळातला दुसऱ्या एखाद्या जपानी कंपनीचा सेट असला तरी पुढचं जवळजवळ सगळं लागू पडेल.

‘कंपनी चालू आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही. सॅन्सुई १९४७ साली टोकियोत सुरू झाली, आधी ट्रान्सफॉर्मर बनवायची, मग अ‍ॅम्प्लिफायरांसाठी जगभर नावाजली, आणि २०१४ मध्ये दिवाळखोरीत संपली. नाव मात्र फिरत राहिलं. आपल्याकडे व्हिडिओकॉनने ‘सॅन्सुई’ नावाने टीव्ही विकले, त्यामुळे विकणारा अगदी प्रामाणिकपणे सांगतो की सर्व्हिस सेंटरला पार्ट मिळेल. त्या टीव्हीचा आणि या अ‍ॅम्प्लिफायरचा संबंध फक्त नावापुरता. एयू मालिकेचा पार्ट कुठल्याही सर्व्हिस सेंटरला मिळणार नाही, हे गृहीत धरूनच पैसे मोजा.

म्हणजे सेट घेऊच नये का? जरूर घ्यावा. फक्त आतल्या मालाची दोन गटांत विभागणी डोक्यात पक्की हवी. कंडेन्सर, रेझिस्टर, रिले, डायोड, फ्यूज हे कुठल्याही कंपनीचे चालतात आणि आजही नवे मिळतात. याउलट समोरची पट्टी, नॉब, अनेक थरांचा सिलेक्टर स्विच, जोडीचा व्हॉल्यूम पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) आणि मेन ट्रान्सफॉर्मर हे त्या मॉडेलचेच लागतात, आणि ते बंद पडलेल्या दुसऱ्या सेटमधूनच काढावे लागतात. ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे रिवाइंड करून मिळतो, पण मूळचा असतो तितका तो गप्प राहीलच असं नाही. म्हणून खरखरणारा सेट मी घेतो, पण तुटलेल्या सिलेक्टरचा घेत नाही, मग तो कितीही चकाचक असो.

आता तपासण्या. पहिल्या काही विकणाऱ्याच्या घरीच करता येतात. जाताना जुना हेडफोन, मोबाइलला लागणारी आरसीए वायर, दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर आणि गेले तरी चालतील असे दोन स्पीकर बरोबर ठेवा. आपले चांगले स्पीकर अनोळखी अ‍ॅम्प्लिफायरला पहिल्या दिवशी लावायचे नाहीत. आत ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल आणि रिलेचे संपर्क चिकटलेले असतील तर डीसी थेट स्पीकरच्या कॉइलवर जातो आणि ती काही सेकंदांत जळते.

प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा

फुकटची तपासणी, आणि सगळ्यात जास्त सेट इथेच मरतात. मागे व्होल्टेज छापलेला असतो. जपानच्या घरगुती बाजाराचा सेट १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर फ्यूज उडाला तरच नशीब. अमेरिकेहून कोणी आणलेला असेल तर १२० व्होल्ट, आणि पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. आखातातून आलेल्या सेटला बहुधा व्होल्टेज सिलेक्टर असतो. त्यात २२० आणि २४० अशा दोन्ही खुणा असतील तर २४० वर ठेवा. आपल्याकडे रात्री उशिरा २४० च्याही वर गेलेला व्होल्टेज मी पाहिलाय, आणि जुन्या कंडेन्सरांना ते वरचे व्होल्ट सोसत नाहीत.

१०० व्होल्टचा सेट असेल तर स्टेपडाउन लागतो. दुकानात तयार मिळतो तो बहुतेकदा ११० चा. भिंतीत २४० आले की तो ११५ देतो, म्हणजे सेटला १५ टक्के जास्त. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी केली तर १०० व्होल्टचा मुद्दाम गुंडाळून देणारे भेटतात. सेटच्या पट्टीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या निदान दीडपट-दुपटीचा घ्या.

याच वेळी फ्यूज बघा. काचेच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा वायरची तार गुंडाळलेली दिसली तर तो सेट लावूच नका. मूळचा फ्यूज कशाने तरी उडाला होता आणि ते कारण न शोधताच कोणीतरी सेट चालवलाय.

समोरची बटणं

हसू नका. ‘एक बाजू गेली’ म्हणून माझ्याकडे आलेल्या सेटांत असे कित्येक असतात की टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं, किंवा मोनो-स्टीरिओचा खटका मधेच अडकलेला. टेप मॉनिटर दाबला की अ‍ॅम्प्लिफायर मागे जोडलेल्या डेककडून आवाज मागतो. डेक नसेल तर शांतता. बॅलन्स मधोमध, म्यूटिंग बंद, टेप मॉनिटर ‘सोर्स’वर, स्पीकर सिलेक्टर ‘ए’ वर. आता वाजवा.

डावं-उजवं बदलून बघा

एक पैसाही न लागता दोष कोणत्या भागात आहे ते यातून कळतं, म्हणून ही तपासणी घाईत उरकू नका. दर वेळी सेट बंद करूनच वायर काढा.

समजा उजवा स्पीकर गप्प आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला लावलेल्या दोन आरसीए पिनांची अदलाबदल करा. आता डावा गप्प झाला आणि उजवा वाजू लागला, तर दोष आधीच्या यंत्रात किंवा त्या वायरमध्ये आहे आणि अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे. उजवाच गप्प राहिला तर पिना परत जागेवर लावा आणि स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. तेच खोकं गप्प राहिलं तर खोकं किंवा त्याची वायर खराब. गप्पपणा दुसऱ्या खोक्यावर गेला तर मात्र दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्येच.

ज्यांचा रिले मधेच सुटतो त्यांनी इथे आणखी एक करायचं: दोन्ही स्पीकर पूर्ण काढून सेट चालू करा. आता ‘टक्’ येऊन टिकत असेल तर मागच्या टर्मिनलमध्ये वायरीची एखादी बारीक तार शेजारच्याला चिकटलेली असते, किंवा ‘ए’ आणि ‘बी’ मिळून चार स्पीकर लावल्याने भार फार जड झालेला असतो. ४ ओहमच्या दोन जोड्या एकत्र म्हणजे २ ओहम. तेवढं ओढायला हे सेट बनवलेले नाहीत.

गुणगुण कुठून येतेय

व्हॉल्यूम वाढवल्यावर गुणगुण वाढते का? वाढत असेल तर ती बाहेरून आत येतेय. टर्नटेबलची अर्थची बारीक वायर मागच्या ‘जीएनडी’ स्क्रूला लावायची राहिलेली असते, नाहीतर आरसीए वायरीचं आवरण तुटलेलं असतं. व्हॉल्यूम शून्यावरही तेवढीच राहत असेल तर संशय पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरांवर, आणि ते काम पुढचं.

या सेटना बहुधा दोनच पिनांचा प्लग असतो, अर्थ नसतो. बॉडीला हलका झिणझिणाट जाणवला तर प्लग उलटा लावून बघा, बऱ्याचदा कमी होतो. सणसणीत झटका बसला तर तपासणी तिथेच संपली.

हेडफोन

जुना, गेला तरी दुःख होणार नाही असाच. बऱ्याच मॉडेलांत हेडफोनचा आवाज रिलेनंतर पण स्पीकर सिलेक्टरच्या आधी घेतलेला असतो. त्यामुळे हेडफोनमध्ये दोन्ही बाजू नीट आणि स्पीकरवर एक गायब, असं असेल तर दोष स्पीकर सिलेक्टर किंवा मागच्या टर्मिनलांत. हेडफोनमध्येही तीच बाजू नसेल तर दोष रिले किंवा त्याच्या मागे. विकणाऱ्यासमोर एवढं कळलं की भाव करायला मोकळे.

मागचे दुवे

काही मॉडेलांत मागे प्री-आउट आणि मेन-इन अशा दोन जोड्या असतात, आणि त्या यू आकाराच्या धातूच्या दुव्यांनी जोडलेल्या असतात. काहींत त्याऐवजी छोटा सरकता स्विच असतो. चाळीस-पन्नास वर्षं कोणी हात न लावलेला हा सांधा. दमट हवेत, विशेषतः किनाऱ्यावरच्या घरांत, त्यावर काळपट थर चढतो आणि बाजू जायला लागते. दुवे काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने पुसा, परत बसवा. स्विच असेल तर सेट बंद ठेवून पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे सरकवा.

दुवे असलेल्या सेटमध्ये आणखी एक फायदा आहे. दुवे काढून दोन आरसीए वायरी उलटसुलट लावा: डाव्या प्री-आउटमधून उजव्या मेन-इनला आणि उजव्यातून डाव्याला. गप्पपणाने बाजू बदलली तर दोष पुढच्या भागात, म्हणजे स्विच, पॉट, टोन. बदलली नाही तर पॉवर भागात. न उघडता निम्मा सेट संशयातून बाद.

खरखर

पुढच्या भागात दोष निघाला तर आधी प्लग काढून प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा फिरवा, दाबा. संपर्क एकमेकांवर घासून स्वतःच बरेच साफ होतात. नुसत्या याने बरे झालेले सेट पुष्कळ आहेत, पण पावसाळा आला की तक्रार परत येते.

मग स्प्रे. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, आणि पॉटसाठी असेल तर वंगण असलेला. कुलूप-बिजागरीचा गंज सोडवायला मिळतो तो फवारा यात मारायचा नाही. त्याचं तेल आत राहतं, त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात स्विच चिकटतो. नॉबच्या फटीतून समोरून मारणं हीही सर्रास होणारी गोष्ट. त्याने साफ व्हायची ती पट्टी आत तशीच राहते, आणि दांड्यातलं मूळ ग्रीस मात्र धुऊन जातं. झाकण काढून पॉटच्या मागच्या छिद्रात नळी घालून एक छोटा फवारा पुरे. समोरच्या अक्षरांना थिनर, अ‍ॅसिटोन, नेल पॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लागू देऊ नका. ती अक्षरं परत छापून मिळत नाहीत.

झाकण काढण्याआधी

इथून पुढचं काम वेगळ्या जातीचं. आतले दोन जाडे कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेले असतात. मोठ्या सेटमध्ये एकावर अधिक, दुसऱ्यावर उणे असे चाळीस-पन्नास व्होल्ट, म्हणजे दोन टोकांत शंभरच्या आसपास. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढत ते रिकामे करणारे बहाद्दर असतात. त्यात स्क्रूड्रायव्हर वितळतो आणि कधी कधी डायोडही जातात. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद धरा, मग मीटरने मोजा. दोन-तीन व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत नको. मीटर कसा लावायचा हे ज्याला माहीत नाही त्याने झाकण काढू नये, हे मी सरळच सांगतो.

दुसरं साधन सिरीज बोर्ड. वायरमनकडे असतोच: सेटच्या वाटेत एक फिलामेंटचा बल्ब. लहान सेटला ६० वॅट, मोठ्याला १००. एलईडी चालत नाही, आणि पिवळे बल्ब आता शोधावे लागतात, दिसले की दोन घेऊन ठेवा. सेट चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. बल्बमुळे जास्तीचा करंट सेटमध्ये न जाता त्याच्यातच अडतो, म्हणून बराच काळ बंद पडून असलेला कोणताही सेट मी आधी यावरच लावतो.

रिले

बारीक आवाजात बाजू जाणे आणि मोठ्यावर ‘फट्’ होऊन येणे, याचं सगळ्यात सामान्य कारण हेच. रिलेच्या चांदीच्या संपर्कांवर थर चढतो. छोटा सिग्नल तो भेदू शकत नाही. व्हॉल्यूम वाढवला की व्होल्टेज वाढतो आणि थर फुटून वाट मोकळी होते. म्हणून ‘मोठा केला की येतो’ हा उपाय समजून रोज करू नका. दर वेळी तिथे बारीक ठिणगी पडते आणि संपर्क आणखी खातात.

पारदर्शक टोपीचा रिले असेल तर टोपी अलगद निघते. आत संपर्काच्या गोल टिकल्या दिसतील, मधोमध काळा ठिपका आणि भोवती चांदीची चकचकीत कड. व्हिजिटिंग कार्डाची अरुंद पट्टी कापा, अल्कोहोलमध्ये बुडवा, दोन टिकल्यांच्या मध्ये घालून वरून हलकं दाबा आणि ओढून काढा. पट्टीवर करडी-काळी रेघ उमटेल. रेघ उमटायची थांबेपर्यंत नव्या पट्ट्या वापरा. पॉलिश पेपर, कानस, ब्लेड काहीही लावायचं नाही. चांदीचा पातळ थर गेला की खालचा धातू दोन महिन्यांत परत काळा पडतो.

साफ केलेला रिले काही महिने, कधी काही वर्षं चालतो. कायमचं हवं असेल तर बदला. हा कुठल्याही कंपनीचा चालणारा पार्ट: कॉइलचा व्होल्टेज जुन्यावर छापलेला असतो, बहुधा २४ व्होल्ट डीसी. तो, कॉइलचा रोध, पायांची जागा आणि संपर्कांचे अँपियर जुळले की झालं. सोल्डरिंगचा हात बसलेला असेल तर घरी, नाहीतर मेकॅनिककडे.

‘टक्’ येतच नसेल तर

मग रिलेला दोष देऊ नका, तो आपलं काम करतोय. आउटपुटला डीसी आहे असं प्रोटेक्शन सर्किटला वाटलं की ते स्पीकर जोडतच नाही. काही जण रिलेच्या पायांना वायर टाकून तो बायपास करतात आणि ‘चालू झाला’ म्हणून विकतात. असा सेट मिळाला तर स्पीकर लावण्याआधी ती वायर काढा.

‘टक्’ येत असेल तेव्हा स्पीकर काढून, सेट पंधरा मिनिटं गरम करून, स्पीकरच्या टर्मिनलांवर मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. हा आकडा म्हणजे ऑफसेट. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निवांत. शंभरच्या वर असेल तर दुरुस्तीची तारीख ठरवा. ‘टक्’ येत नसेल तेव्हा हेच मोजमाप रिलेच्या आधी, चालू सेटच्या आत करावं लागतं, आणि ते या पोस्टवरून करायचं काम नाही.

तपकिरी गोंद

हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्या काळातल्या पुष्कळ जपानी यंत्रांत मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून बोर्डावर पिवळट गोंद ओतलेला असे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो तपकिरी आणि कडक होतो, हवेतला ओलावा धरतो, थोडा करंट वाहू देतो, आणि शेजारच्या पार्टांचे पाय खातो. तडतड, ऑफसेट वरखाली होणे, रिले अवेळी सुटणे, यामागे बऱ्याचदा तोच. टॉर्च लावून बघा: गोंदाखालून गेलेला रेझिस्टरचा पाय हिरवा-काळा पडलेला दिसेल. लाकडी काडीने गोंद खरवडून काढता येतो, पण खाल्लेला पाय तुटला तर तो पार्ट बदलावाच लागतो. म्हणून खरवडण्याआधी जवळून दोन-चार फोटो काढा, कुठला पार्ट कुठे आणि कुठल्या दिशेने होता ते दिसतील असे. विकत घेताना झाकण काढून बघू दिलं तर मी आधी हाच गोंद बघतो.

इथे थांबा, मेकॅनिकला द्या

एका बाजूचा हीट सिंक झपाट्याने तापतो. जळका वास. सिरीज बोर्डचा बल्ब मंदावत नाही. बदललेला फ्यूज पुन्हा उडाला (तिसरा टाकू नका, आणि जास्त अँपियरचा तर कधीच नाही). स्पीकर काढूनही ‘टक्’ येत नाही. शून्य व्हॉल्यूमवर तडतड किंवा गुणगुण. बॉडीला झटका. आणि आतल्या छोट्या प्रीसेटांना (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे बारीक पॉट) हात लावायचा मोह झाला तरी थांबा: त्यातला एक बायसचा, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून किती करंट वाहायचा ते ठरवणारा असतो. अर्धा फेरा चुकीचा फिरला की आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी जाते.

ती जोडी गेली तर खरी पंचाईत. मूळचे जपानी पॉवर ट्रान्झिस्टर बनायचे बंद होऊन जमाना झाला, आणि बाजारात त्याच नंबराचे ‘नवे कोरे’ स्वस्तात मिळतात. ते बहुतांशी नकली: आत छोटी चिप, वर घासून छापलेला नंबर. आज बनत असलेल्या आणि गुण जुळणाऱ्या जोड्या अधिकृत वितरकाकडून घेणं हाच मार्ग. ऑनसेमीची एमजेएल३२८१ए आणि एमजेएल१३०२ए ही अशी एक जोडी, पण कुठल्या सेटला काय बसेल, बायस कसा लावायचा हे मेकॅनिकने सर्किट बघून ठरवायचं. ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त सेटांत अख्खा पॉवर भाग एका एसटीके मॉड्यूलमध्ये असे. तिथे नकलीचा सुळसुळाट आणखी जास्त, म्हणून एसटीकेवाला सेट मी कोणाला सुचवत नाही.

मेकॅनिक कसा ओळखायचा? ऑर्केस्ट्रा आणि लाउडस्पीकरवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर ज्यांनी हयातभर दुरुस्त केले असे जुने लोक अजून आहेत, आणि चकाचक दुकानापेक्षा माझा भरवसा त्यांच्यावर जास्त. पहिल्या भेटीतच ‘सगळे कंडेन्सर बदलून टाकू’ म्हणणाऱ्याकडून सेट परत आणा. दोष न शोधता शंभर सांधे उघडले की जुन्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उचकटतात आणि एका दोषाचे चार होतात. मोठे फिल्टर कंडेन्सर फुगलेले, गळलेले किंवा मोजल्यावर कमी भरलेले असतील तर जरूर बदलावेत. ‘जुने झाले’ एवढंच कारण मला पुरत नाही.

सेट देताना मॉडेल नंबरावरून शोधलेलं सर्व्हिस मॅन्युअल छापून बरोबर द्या. त्यात सर्किट आणि बायसचे आकडे असतात. वर केलेल्या तपासण्यांचे निकालही कागदावर लिहून द्या: पिना बदलल्यावर काय झालं, हेडफोनमध्ये काय, ऑफसेट किती. त्याचा निम्मा वेळ वाचतो. काढलेले सगळे पार्ट परत मागा. आणि दुरुस्त होऊन आला की पहिली चाचणी सिरीज बोर्डवर, मग तेच गेले तरी चालतील असे स्पीकर लावून तासभर वाजवा, परत ऑफसेट मोजा, आणि त्यानंतरच चांगले स्पीकर जोडा.